शेजारची म्हातारी

कारखान्यात स्वीडनहून साहेब येणार म्हटल्यावर मंडळींनी तजवीज काय कमी केली होती! केबिनला हिरवा रंग दिला, खिडकीला वाळ्याची ताटी लावली, शिपायाला बोलवायला टेबलावर घंटी ठेवली. साहेब आला. पहिल्याच दिवशी त्यानं ती घंटी उचलून कपाटात टाकली आणि दहा वाजले तसा स्वतःचा थर्मास काखेत मारून थेट फिटर लोकांत जाऊन बसला. नवीन मशीन ज्या लाकडी खोक्यांतून आलं होतं, त्यातल्याच एका खोक्यावर. कॉफी प्याला, आपला कप नळाखाली धुतला, पालथा घातला आणि परत कामाला लागला. शिपायाला वाटलं, आपली नोकरी गेली.

नागपूरला हिंगणा रस्त्यावरच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यातली ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. साहेबाचं नाव बर्टिल. 'मला नुसतं बर्टिल म्हणा' असं तो सगळ्यांना सांगायचा, पण आपल्या लोकांची जीभ इतकी सैल कुठून होणार! त्यांनी त्याचा बर्टिलसाहेब केला, आणि तोही हसून गप्प बसला.

रुपराव वानखडे तिथं चार्जमन, म्हणजे मशीनवरच्या कामगारांचा मुकादम होता. पारशिवनीकडच्या खेड्यातला कुणब्याचा पोरगा, डिप्लोमा केलेला, बायको शामलासह शहराच्या कडेच्या वाडी या वस्तीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहणारा. हुशार म्हणाल तर खरोखर हुशार. दोनेक महिन्यांत त्यानं नवं मशीन आतून-बाहेरून शिकून घेतलं. पण मशीन शिकता शिकता त्यानं साहेबालाही शिकायला घेतलं, आणि तिथंच गाडी रुळावरून घसरली.

त्यामागं कारणही होतं. मशीनचं पुढचं काम शिकायला एका माणसाला सहा महिने स्वीडनला पाठवायचं ठरलं होतं, आणि साहेब ज्याचं नाव सुचवील तोच जाणार होता. रुपरावनं मनाशी हिशेब मांडला की साहेब नाव सुचवील ते साहेबासारख्याच वागणाऱ्या माणसाचं. मग काय, रुपराव घरी आल्यावर चपला दारातच काढून भिंतीला लावून ठेवू लागला. आधीही तो त्या दारातच काढत होता म्हणा, पण आता त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला असायची, साहेबाच्या दारातल्या बुटांसारखी. जेवण झालं की शामलाला 'धन्यवाद' म्हणू लागला. पहिल्या दिवशी ती घाबरली. "काहून? काय झालं तुमाले?" म्हणाली. ताटात शेवटचं भजं उरलं तर ते उचलायचं नाही, हेही तो साहेबाकडूनच शिकला. शेवटचा तुकडा उचलणं त्यांच्याकडं हावरेपणाचं समजतात म्हणे. वाडीच्या त्या खोलीत रोज एक भजं मागं उरायचं आणि शामला ते स्वयंपाकघरात गपचूप खाऊन टाकायची.

त्या हिवाळ्यात कापूस वेचून झाला आणि रुपरावची आई, प्रयागबाई, मुलाकडं राहायला आली.

प्रयागबाईचं चहा पिणं साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ती गुळाचा खडा दातांत धरायची, बिनगोडाचा चहा बशीत ओतायची, बशी दोन्ही हातांनी तोंडापाशी न्यायची आणि असा काही फुरका मारायची की पलीकडच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामातला हमाल वळून बघायचा. त्या फुरक्यात तिचा सगळा शीणभाग निघून जायचा. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं शेत वाहिलं होतं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून असाच चहा पीत पोराला तालुक्याच्या शाळेत आणि मग नागपूरच्या बोर्डिंगात धाडलं होतं. लहानपणी रुपरावला तिच्या मांडीशी बसून बशीतला शेवटचा घोट मिळायचा. त्यात विरघळलेल्या गुळाची गोडी असायची. तो घोट मिळावा म्हणून तो फुरक्यांवर कान ठेवून असायचा.

आता तोच आवाज त्याच्या कानाला काट्यासारखा टोचू लागला.

एका शुक्रवारी कॉफीच्या वेळी साहेब आपणहून म्हणाला, "रुपराव, तुझं घर बघायला मला आवडेल." रविवारी दुपारी चारला यायचं ठरलं. रुपरावच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच दुसरं मन म्हणालं, घर बघणार म्हणजे माणसं बघणार.

साहेबानं गप्पांत कधीतरी सांगितलं होतं की त्यांच्या खेड्यात पाहुणा आला की घरची बाई त्याच्यापुढं सात तऱ्हेची बिस्किटं मांडते. त्याहून कमी मांडली तर कंजूस, जास्त मांडली तर मिजासखोर. झालं! रुपरावनं शनिवारी सीताबर्डीचा बाजार पालथा घातला. नानकटाई, खारी, टोस्ट, जिरा बिस्किट, नारळाचं, काजूचं अशी सहा जमली. सातवं काही केल्या मिळेना. प्रयागबाईनं डब्यातून आपल्या हातच्या गुळाच्या शंकरपाळ्या काढून पुढं केल्या. "हे ठेव ना गा. सात झाले."

"ते नाही चालत, आई," रुपराव म्हणाला. वाडीत आल्यापासून तो तिला 'माय' म्हणायचा नाही, 'आई' म्हणायचा. धापा टाकत पुन्हा बर्डीवर गेला आणि रंगीत क्रीमचं बिस्किट घेऊन आला.

रविवारी जेवणं झाल्यावर तो आईपुढं उभा राहिला. जे बोलायचं होतं ते त्यानं रात्रभर घोळवलं होतं, तरी ते वाकडंच बाहेर पडलं.

"आई, तू जराक जयवंताबाईकडे जाऊन बसतं का? दोन खोल्या... साहेब मोठा माणूस हाय. गर्दी होईल."

प्रयागबाई धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून तयार बसली होती. पोराचा साहेब येणार म्हणून. तिनं एकदा मुलाकडं पाहिलं, मग कोपऱ्यात लावलेल्या नव्या कपबश्यांकडं पाहिलं.

"मी बशी नाई घेनार," ती म्हणाली. "मी चहाच नाई पिनार. नुसती बसतो कोपऱ्यात."

"तसं नाही वं माय..." घाईत जुना शब्द तोंडून गेला. "थोड्याच येळाचा सवाल हाय."

"हाव, जातो ना. त्यात काय."

ती उठली. मधल्या दारात उभी असलेली शामला धीर करून म्हणाली, "अवो, काहून पाठवून राहिले मायले? बसू द्या ना." रुपरावनं तिच्याकडं नुसते डोळे वटारले. प्रयागबाई मागच्या दारानं बाहेर पडली. जाताना शंकरपाळ्यांचा डबा आणि गुळाचा खडा तिनं पदराखाली घेतला. जयवंताबाई म्हणजे दोन घरं सोडून राहणारी विधवा. तिच्या ओट्यावर गल्लीतल्या बाया दुपारी बसत.

साहेब ठरल्या वेळेच्या आधी येणार नाही, हे रुपरावला पक्कं ठाऊक होतं. चार म्हणजे चार. म्हणून चारपर्यंत तो निर्धास्त होता. पण एक सवय साहेबानं कारखान्यात कधी दाखवली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. त्यांच्याकडं पाहुणा उशीर होऊ नये म्हणून आधीच निघतो, लवकर पोचतो, आणि यजमानाला अवघड होऊ नये म्हणून वेळ होईस्तोवर आसपासच्या गल्ल्यांत फिरत राहतो. बर्टिलसाहेब कधीचा वाडीत पोचला होता. ट्रकांच्या मधून, गोदामांच्या मागून तो भटकत होता.

चारला कडी वाजली. साहेबानं बूट काढले, टोकं बाहेर करून ठेवले, शामलाला वाकून नमस्कार केला. खुर्चीवर बसला. सात तऱ्हेची बिस्किटं बघून तो इतका खूश झाला की टाळीच वाजवली त्यानं. प्रत्येकातलं एकेक खाल्लं, रीतीप्रमाणं. सगळं रुपरावच्या मनासारखं चाललं होतं, पण देह देवळात आणि चित्त खेटरात अशी त्याची गत झाली होती. त्याचे कान मागच्या दाराकडं लागले होते.

मग साहेबच म्हणाला, "तुला गंमत सांगतो, रुपराव. मी लवकर आलो होतो. इथं जवळच एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं मला हाक मारली, बस म्हणाली. मला चहा दिला. आणि रुपराव, ती बशीतून पीत होती! गुळाचा तुकडा असा दातांत धरून!" साहेबानं दात आवळून दाखवले. "माझी आई अशीच पिते. साखरेचा खडा दातांत, आणि कॉफी बशीत. अजूनही. आमच्या खेड्यात सगळ्या म्हाताऱ्या तशाच पीत. मी किती वर्षांनी तसा प्यालो! तिनं मला गूळ दिला, आणि ह्या..." त्यानं खिशातून रुमाल काढून उलगडला. आत दोन शंकरपाळ्या होत्या. "रात्रीसाठी ठेवल्या आहेत."

शामला केटली हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

"तुमच्या शेजारची ती. तू ओळखतोस तिला?" साहेबानं विचारलं.

एका वाक्याचं काम होतं. 'ती माझी आई आहे.' इंग्रजीतही ते वाक्य अवघड नाही, पहिलीतलं पोरगं म्हणेल. साहेबानं तर स्वतःच्या आईचं सांगून दार सताड उघडून दिलं होतं. पण मग साहेब विचारणार, आई आहे तर ती दुसऱ्याच्या ओट्यावर काय करते आहे? एक लपवायला गेलेला माणूस दुसरं लपवतो, तसं त्याचं झालं.

"गावाकडची कोणी असेल," तो म्हणाला. "शेजाऱ्यांकडे आलेली."

शामलानं केटली खाली ठेवली आणि आत निघून गेली. साहेब जाईपर्यंत ती परत बाहेर आली नाही. साहेबानं शेवटचं क्रीमचं बिस्किट ताटलीत तसंच राहू दिलं, आभार मानले आणि गेला.

तिन्हीसांजेला प्रयागबाई परत आली. "झालं का गा बरोबर?" एवढंच तिनं विचारलं. "झालं," रुपराव म्हणाला. साहेबाला चहा पाजल्याचं तिनं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बोचकं बांधलं. "गव्हाले पानी द्याचं हाय," म्हणाली. खरं सांगायचं तर रुपरावला तेव्हा सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं. ते तसं वाटलं होतं, याचीच पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

त्यांच्याकडं आणखी एक रीत असते. कोणाकडं जाऊन आलं की पुढल्या भेटीत आधी त्याबद्दल आभार मानायचे, मगच दुसरं बोलायचं. सोमवारी साहेबानं हात पुढं केला. "कालबद्दल आभार. आणि त्या म्हातारीलाही माझे आभार सांग." रुपराव हो म्हणाला. काही दिवसांनी साहेबानं पुन्हा विचारलं, "सांगितलेस?" रुपराव म्हणाला, सांगितले. मग दर थोड्या दिवसांनी, दहाच्या कॉफीला, त्या खोक्यावर बसून साहेब विचारायचा, "तुमच्या शेजारची म्हातारी कशी आहे?" आणि रुपराव म्हणायचा, बरी आहे. एकदा-दोनदा तर खरं ओठांवर आलं, पण जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. पहिल्या दिवशी ते एक वाक्य होतं, आता त्याला मोठी कैफियत द्यावी लागली असती.

उन्हाळ्यात नाव जाहीर झालं. स्वीडनला रुपरावच जाणार होता. साहेबानं कारण काय दिलं होतं, तर हा माणूस काम करता करता प्रश्न विचारतो. कपबश्या, बिस्किटं, बुटांची टोकं, कशाचाच त्याच्याशी संबंध नव्हता. आणि ज्या बाईला ओट्यावर बसवलं, तिचा तर मुळीच नव्हता.

तिकडं एका रविवारी बर्टिलसाहेबानं त्याला आपल्या आईच्या गावी नेलं. लाल रंगाचं लाकडी घर, दारात चपलांची रांग, खिडकीत भर दुपारी लावलेली मेणबत्ती. टेबलाभोवती साहेबाची भावंडं, सुना, नातवंडं. टेबलाच्या वरच्या टोकाला ऐंशीच्या पुढची म्हातारी. सगळ्यांच्या कपात कॉफी आली. म्हातारीनं साखरेचा खडा दातांत धरला, कॉफी बशीत ओतली, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि फुरका मारला. तोच आवाज. सुनेच्या कपाळावर आठी नाही, नातवंडांना हसू नाही. तिचं झाल्यावरच बाकीच्यांनी कप उचलले.

साहेब आईला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होता. रुपरावला शब्द कळले नाहीत, पण साहेबाचे हात कळले. दातांत गूळ धरल्याची खूण, बशीची खूण. म्हातारी आनंदानं मान हलवत उठली. काचेच्या कपाटातून निळ्या फुलांची एक कपबशी काढली, कापडात गुंडाळली आणि रुपरावच्या हातात दिली.

"तुमच्या शेजारच्या म्हातारीसाठी," साहेब म्हणाला. "आई म्हणते, बशी खोल आहे, चहा सांडणार नाही."

तिथंही त्याला सांगता आलं असतं. त्या टेबलावर कोणी त्याला हसलं नसतं. तो 'आभार' म्हणाला.

परतल्यावर तो दुसऱ्याच दिवशी गावाला गेला. कपडेही नीट बदलले नव्हते. वाटभर ती कपबशी मांडीवर धरून होता. माफी मागायची, पाय धरायचे, 'माय, चूक झाली' म्हणायचं, असं सगळं त्यानं ठरवलं होतं.

प्रयागबाई अंगणात तूर पाखडत होती. "आला का रे बाप्पा!" म्हणून तिनं सूप खाली ठेवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "वाळला गा तू. तथी खाले देत नोते का?" मग तिनं घरातून खुर्ची आणली. घरात खुर्ची नवी होती. "तुह्यासाठी आनून ठेवली," म्हणाली.

त्यानं कापड सोडून कपबशी तिच्यापुढं धरली. तिनं पदराला हात पुसून ती घेतली, उन्हात धरून निळी फुलं पाहिली.

"कोनं देल्ली?"

"साहेबाच्या मायनं. तुह्यासाठी. ते बी बशीतूनच पिते, माय. साऱ्याईच्या समोर."

"हाव काय!" तिला फार गंमत वाटली. मग बोट बशीच्या काठावरून फिरवत तिनं विचारलं, "तिले तू काय सांगतलं गा? मी कोन व्हय म्हून?"

रुपरावनं मान खाली घातली. मोकळ्या कापडाची घडी घालू लागला.

प्रयागबाईनं कप बशीत नीट ठेवला. मग त्याचीच समजूत घालावी तसं म्हणाली, "बरं केलं. मीबी तेच सांगतलं होतं त्या सायबाले. तुहं घर इचारत होता. मी बोट करून दाखोलं. 'तुम कौन' म्हने. मी म्हनलं, शेजारची. म्हनलं, आपल्यापायी पोराचं बिघडू नये."

एवढं बोलून ती आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज आला, धूर आला, चहाचा वास आला. रुपराव खुर्चीवर बसून राहिला. त्याच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती आणि त्याचं खापर फोडायला धूर पुरेसा नव्हता.

ती बाहेर आली. निळ्या फुलांच्या कपात काठोकाठ चहा होता, खाली बशी, बशीत चमचा. सुनेनं वाडीत मांडली होती अगदी तशी. तिनं ती दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"माय, तुही कपबशी हाय थे. तू घे. अथीच बस माह्याजवळ."

"पी गा तू." ती उंबऱ्यापाशी पोचली होती. "मी आतमंदी पितो. माहा आवाज होते."

तिनं दार लोटून घेतलं. रुपरावनं कप हातात धरून कान लावला. लहानपणी लावायचा तसा, बराच वेळ. आतून काही ऐकू आलं नाही. त्याची माय आपल्याच घरात, दाराआड, आवाज न करता चहा पीत होती.